ब्रेलूम घडवताना क्रम चुकवू नका: श्रूमिश पकडण्यापासून मैदानापर्यंत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा स्विच घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, ब्रेलूम तर झाला, पण ती झोपवायची मूव्ह कुठे गेली?" पोकेमॉन गेममधला त्याचा श्रूमिश तेविसाव्या लेव्हलला इव्हॉल्व्ह झाला होता, म्हणजे त्याचा ब्रेलूम बनला होता. तेव्हा तो आनंदाने ओरडलाही होता. पुढे तीस लेव्हल चढवल्या, टीएम (मूव्ह शिकवणाऱ्या वस्तू) खर्ची घातले, व्हिटॅमिन दिली, आणि मग कळलं की ती झोपवायची मूव्ह, स्पोर, आता मिळणारच नाही. हीच चूक मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, की सगळी प्रक्रिया एकदा क्रमाने लिहून काढायची ठरवली.

खालचं सगळं पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेटसाठी आहे. जुन्या गेममध्ये लेव्हलचे आकडे वेगळे आहेत. रुबी-सफायरमध्ये स्पोरसाठी श्रूमिशला तब्बल ५४ पर्यंत थांबावं लागायचं. मुख्य नियम मात्र तिथेही हाच: स्पोर आधी, इव्हॉल्व्ह नंतर.

## टप्पा १: आधी सामान जमवा

श्रूमिश पकडायला धावू नका. आधी बॅग उघडा आणि पुढच्या वस्तू आहेत का ते बघा.

- एक एव्हरस्टोन
- एक्सपी कँडी (अनुभवाचे गुण देणाऱ्या), जमल्यास एक्सएल आकाराच्या
- टीएम ०५६ (बुलेट सीड), टीएम ०३६ (रॉक टूम), टीएम ०८८ (स्वोर्ड्स डान्स)
- २६ प्रोटीन, २६ कार्बोस, १ एचपी अप
- एक जॉली किंवा ॲडमंट मिंट (स्वभाव बदलणारी: जॉली स्पीड वाढवते, ॲडमंट अटॅक)
- ॲबिलिटी पॅच, असल्यास (ॲबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगभूत गुण, पॅच तो बदलतो)

व्हिटॅमिन (प्रोटीन, कार्बोस, एचपी अप) आणि मिंट चान्सी सप्लाय या गेममधल्या दुकानात मिळतात. एक व्हिटॅमिन १०,००० ला, म्हणजे ५३ चे ५,३०,००० होतात. एवढे पैसे नसले तर टप्पा ६ मध्ये फुकटचा रस्ता दिला आहे, त्याला फक्त वेळ जास्त लागतो.

सावधान: या गेममध्ये टीएम एकदा वापरला की संपतो. श्रूमिशवर चाचणी म्हणून टीएम वापरून बघू नका. पोकेमॉन सेंटरजवळच्या मशीनवर तो पुन्हा बनवता येतो, पण साहित्य आणि लीग पॉइंट दोन्ही जातात.

## टप्पा २: श्रूमिश पकडा आणि लगेच ॲबिलिटी बघा

पोकेडेक्समध्ये श्रूमिशची नोंद उघडा आणि अधिवासाचा नकाशा बघा. पकडणं अवघड नाही. त्याचा कॅच रेट २५५ आहे, यापेक्षा वर आकडा जातच नाही. साधा पोके बॉल पुरतो. अडचण एकच: रानातल्या श्रूमिशला इफेक्ट स्पोर ही ॲबिलिटी असू शकते. अंगाला भिडणारा हल्ला केला तर आपलाच पोकेमॉन झोपू शकतो, त्याला विषबाधा होऊ शकते किंवा तो लुळा पडू शकतो. म्हणून थेट बॉल फेका.

पकडल्यावर समरी (पोकेमॉनच्या माहितीचं पान) उघडून ॲबिलिटीचं नाव वाचा. रानात दोनच शक्यता असतात, इफेक्ट स्पोर किंवा पॉयझन हील. तिसरी, लपलेली ॲबिलिटी रानात मिळत नाही.

- पॉयझन हील निघाली तर उत्तम. पॅच नसला तरी ब्रेलूम कामाचा होईल.
- इफेक्ट स्पोर निघाली आणि पॅचही नसला, तर आणखी दोन-तीन श्रूमिश पकडा. पाच मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ३: चाळीसपर्यंत श्रूमिशच राहू द्या

सगळी गोम इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

श्रूमिश २३ व्या लेव्हलला इव्हॉल्व्ह व्हायला तयार होतो. स्पोर तो ४० व्या लेव्हलला शिकतो. ब्रेलूमच्या स्वतःच्या यादीत स्पोर नाहीच. त्यामुळे २३ ते ४० हा सतरा लेव्हलचा पट्टा त्याला श्रूमिश म्हणूनच पार करायचा आहे.

सगळ्यात आधी एव्हरस्टोन हातात द्या. जोवर तो त्याच्याकडे आहे तोवर लेव्हल वाढली तरी इव्हॉल्व्ह होणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे दर वेळी इव्हॉल्व्ह सुरू झाल्यावर बी बटण दाबणं. मी तो सुचवत नाही. सतरा वेळा लक्ष ठेवायचं, आणि चुकायला एकदाच पुरे. भाच्याचं तेच झालं. फोन वाजला, तो दोन सेकंद वळला, तेवढ्यात ब्रेलूम उभा होता.

आता लेव्हल चढवा, आणि ती कँडीनेच चढवा. याचं कारण टप्पा ६ मध्ये नीट कळेल, पण थोडक्यात असं: लढाईतून नको ते ईव्ही (अटॅक, स्पीड अशा स्टॅटचे आकडे वाढवणारे गुण) अंगाला चिकटतात, कँडीतून एकही चिकटत नाही.

किती कँडी लागतील? श्रूमिशची वाढ फ्लक्च्युएटिंग गटातली आहे. या गटात ४० व्या लेव्हलला एकूण ६६,५६० एक्सपी लागतात. २० व्या लेव्हलचा श्रूमिश पकडला असेल तर त्याच्याकडे ५,४४० असतात, म्हणजे उरले ६१,१२०. एक एक्सएल कँडी ३०,००० देते. दोन दिल्या की १,१२० कमी पडतात, तिथे एक एम कँडी (३,०००) द्या. तिसरी एक्सएल द्यायची गरज नाही, ती पुढच्या पोकेमॉनसाठी राहू द्या.

चाळीसला पोचल्यावर स्पोर शिकायचं का, असा प्रश्न येईल. हो म्हणा. खालची कुठलीही मूव्ह घालवली तरी चालेल, हेडबट आणि ॲब्झॉर्बला पुढे जागाच नाही.

प्रश्न आलाच नाही तर? पोकेमॉनला बाहेर सोडून आपोआप लढवताना लेव्हल वाढली असेल तर असं होतं. घाबरू नका. समरीमध्ये मूव्हच्या पानावर जा, मूव्ह आठवण्याचा पर्याय निवडा. श्रूमिश ४० चा झालेला असेल तर स्पोर त्या यादीत दिसेल. फुकट आहे, हवं तेव्हा करता येतं.

तपासा: पुढे जाण्याआधी समरी उघडा आणि चार मूव्हमध्ये स्पोर हे नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. स्टन स्पोर नव्हे, नुसतं स्पोर. ही गल्लत मी दोनदा पाहिली आहे. स्टन स्पोरने समोरचा लुळा पडतो, झोपत नाही. श्रूमिशला ती पाचव्या लेव्हललाच येते, त्यामुळे घाईत वाचताना नजर फसते.

## टप्पा ४: आता इव्हॉल्व्ह करा

एव्हरस्टोन काढून घ्या आणि आणखी एक लेव्हल चढवा. ४० वरून ४१ ला जायला ५,११७ एक्सपी लागतात. रेअर कँडी असली तर एकच पुरते.

इव्हॉल्व्ह होताच ब्रेलूम मॅक पंच शिकायला मागेल. घ्या. ही मूव्ह बाकीच्यांच्या आधी पडते आणि ब्रेलूमच्या अंगात तिचं बळ दुप्पट वाटतं. चुकून नाही म्हटलं असेल तर मूव्ह आठवण्याच्या पानावर ती मिळेल. मॅक पंच परत मिळते, स्पोर मिळत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धी लढाई जिंकलात.

## टप्पा ५: टेक्निशियन की पॉयझन हील?

हा निर्णय व्हिटॅमिन देण्याच्या आधी घ्या, कारण आयटम आणि मूव्ह त्यावरूनच ठरतात.

टेक्निशियन ही ब्रेलूमची लपलेली ॲबिलिटी. ज्या मूव्हचं बळ ६० किंवा त्याहून कमी आहे, तिला ही दीडपट करते. मॅक पंच ४० ची ६० होते. रॉक टूम ६० ची ९०. बुलेट सीडचा एक दाणा २५ चा, तो ३७.५ होतो, आणि एका खेळीत असे दोन ते पाच दाणे लागतात. पाचही लागले तर बेरीज १८७.५.

पॉयझन हील असली की विषाने ब्रेलूमचं नुकसान न होता दर खेळीच्या शेवटी आठवा हिस्सा एचपी (जीवशक्ती) भरून येतो. त्यासाठी धरणाऱ्यालाच विष चढवणारा टॉक्सिक ऑर्ब हातात द्यायचा.

नव्या माणसाला माझा सल्ला टेक्निशियनचा. पॉयझन हील अधिक चिवट आहे, पण ती खेळायला संयम लागतो आणि पहिल्या खेळीची चूक लगेच भोवते.

इथली नेहमीची चूक फार महाग पडते. टेक्निशियन हवी म्हणून लोक १,००,००० ची ॲबिलिटी कॅप्सूल विकत घेतात. कॅप्सूलने टेक्निशियन मिळत नाही. ती फक्त दोन साध्या ॲबिलिटींची अदलाबदल करते. लपलेल्या ॲबिलिटीसाठी ॲबिलिटी पॅचच लागतो, आणि तो मुख्यतः सहा ताऱ्यांच्या टेरा रेडमधून (चौघांनी मिळून लढायच्या खास लढाईतून) मिळतो.

पॅच श्रूमिश असतानाच वापरलात तर तिथे क्विक फीट असं नाव दिसेल. काही बिघडलेलं नाही. इव्हॉल्व्ह झाल्यावर तीच टेक्निशियन होते.

## टप्पा ६: ईव्ही, आणि आधी साफसफाई

एका स्टॅटला जास्तीत जास्त २५२, सगळे मिळून ५१०. ब्रेलूमला २५२ अटॅकमध्ये, २५२ स्पीडमध्ये, उरलेले ६ एचपीत.

पण आधी भांडं रिकामं आहे का ते बघा. समरीच्या स्टॅटच्या पानावर एल बटण दाबा, ईव्हीचा आलेख दिसतो. या गेममध्ये अनुभव सगळ्या संघाला वाटला जातो आणि त्यासोबत ईव्हीही वाटले जातात. ब्रेलूम नुसता संघात बसून असला तरी दुसऱ्यांच्या लढायांतले ईव्ही त्याला लागतात. तसेच व्हिटॅमिन द्यायला गेलात, तर शेवटची दहा-बारा कार्बोस तो घेणारच नाही, कारण ५१० आधीच भरलेले असतात.

साफ करण्यासाठी बेऱ्या आहेत, एक बेरी १० ईव्ही कमी करते:

- पोमेग: एचपी
- केल्प्सी: अटॅक
- क्वालॉट: डिफेन्स
- हॉन्ड्यू: स्पेशल अटॅक
- ग्रेपा: स्पेशल डिफेन्स
- टमाटो: स्पीड

टील मास्क हा गेमचा जादा भाग विकत घेतला असेल तर फ्रेश-स्टार्ट मोची एका घासात सगळं शून्यावर आणते.

आलेख रिकामा दिसला की २६ प्रोटीन, २६ कार्बोस, १ एचपी अप द्या. पंचवीस व्हिटॅमिनने २५० होतात, सव्विसावं शेवटचे दोन भरतं. पंचविसावर थांबू नका.

पैसे नसतील तर पॉवर ब्रेसर हातात द्या. हरवलेल्या प्रत्येक पोकेमॉनमागे तो अटॅकचे ८ ईव्ही जादा देतो. युंगूस हरवला की त्याचा १ आणि ब्रेसरचे ८, असे ९. बरोबर २८ युंगूस हरवले की २५२ पूर्ण. स्पीडसाठी पॉवर अँकलेट आणि २८ फ्लेचलिंग. फ्लेचलिंगशी ब्रेलूमला स्वतः लढवू नका, फ्लाइंग हल्ला त्याला चौपट लागतो. त्याला संघात मागे बसवा, लढू द्या दुसऱ्याला. ईव्ही त्यालाही मिळतात. कागदावर रेघा मारत मोजा. मनात मोजलं की विसाव्यानंतर हमखास गडबड होते.

## टप्पा ७: मिंट, पन्नासावी लेव्हल, हायपर ट्रेनिंग

मिंट कधीही देता येते. जॉली की ॲडमंट? मी जॉली देतो. ८० बेस स्पीडचा (जातीचा मूळ स्पीड) आणि स्पीडला अनुकूल स्वभाव नसलेला प्रतिस्पर्धी ५० व्या लेव्हलला फार तर १३२ ला पोचतो. जॉली ब्रेलूम १३४ वर असतो, ॲडमंट १२२ वर. ज्याचं सगळं काम आधी झोपवण्यावर चालतं, त्याने त्या दोन अंकांसाठी अटॅकचे अठरा सोडावेत.

मग ब्रेलूमला ५० वर न्या आणि माँटेनेव्हेरा गावात हायपर ट्रेनिंग (बॉटल कॅप देऊन जन्मजात स्टॅट वाढवणं) करून घ्या. ५० च्या खाली तिथला माणूस काम करत नाही. चांदीच्या बॉटल कॅप मोजक्याच असतील तर आधी स्पीड, मग अटॅक, मग एचपी. स्पेशल अटॅकवर कॅप खर्च करू नका.

तपासा. जॉली ब्रेलूम ५० व्या लेव्हलला असा दिसला पाहिजे:

एचपी १३६, अटॅक १८२, डिफेन्स १००, स्पेशल डिफेन्स ८०, स्पीड १३४.

स्पीड १३४ पेक्षा कमी दिसला तर तीनच गोष्टी राहिल्या असतील: कार्बोस पूर्ण गेलेली नाहीत, मिंट चुकीची दिली आहे, किंवा स्पीडचं हायपर ट्रेनिंग राहिलं आहे. याच क्रमाने शोधा.

## टप्पा ८: मूव्ह आणि आयटम

टेक्निशियनसाठी: स्पोर, मॅक पंच, बुलेट सीड, आणि चौथ्या जागी रॉक टूम किंवा स्वोर्ड्स डान्स. हातात फोकस सॅश. ब्रेलूम नाजूक आहे, फ्लाइंगचा एक वार त्याला पुरतो, सॅश असली की तो एका एचपीवर उभा राहून स्पोर टाकतो. मात्र एचपी पूर्ण असेल तरच सॅश काम करते. वाळूच्या वादळात किंवा टोकदार खडक पसरलेल्या मैदानात तो आधीच थोडा घायाळ होतो आणि सॅश वाया जाते.

सॅशऐवजी लोडेड डाइस दिला तर बुलेट सीडचे किमान चार दाणे लागतात, म्हणजे किमान १५०. संघात आधीच कुणाकडे सॅश असेल तर हा पर्याय घ्या, कारण क्रमवारीच्या लढाईत एक आयटम दोघांना देता येत नाही.

इथे सीड बॉम्बचा मोह टाळा. तिचं बळ ८० दिसतं, पण ते ६० च्या वर असल्यामुळे टेक्निशियन तिला हात लावत नाही.

पॉयझन हीलसाठी: स्पोर, प्रोटेक्ट, सब्स्टिट्यूट, मॅक पंच. हातात टॉक्सिक ऑर्ब. ऑर्ब पहिल्या खेळीच्या शेवटी लागू होतो, सुरुवातीला नाही. म्हणून पहिल्या खेळीत प्रोटेक्ट. एकदा विष लागलं की दुसरा कुणी त्याला झोपवू किंवा लुळा पाडू शकत नाही. १३६ एचपीवर दर खेळीला १७ परत येतात आणि एक सब्स्टिट्यूट ३४ ला पडतो, म्हणजे दोन खेळ्यांत एकाची किंमत वसूल.

सावधान: टेरा म्हणजे लढाईत पोकेमॉनचा प्रकार बदलणं. पॉयझन हीलच्या ब्रेलूमला टेरा स्टील किंवा टेरा पॉयझन देऊ नका. ऑर्ब लागू व्हायच्या आधी टेरा केलंत तर विष चढतच नाही. टेराचा प्रकार बदलायचा असेल तर मेडालीच्या ट्रेझर ईटरीत त्या प्रकारचे ५० टेरा शार्ड लागतात, तेव्हा आधी नीट ठरवा.

## टप्पा ९: स्पोर कुणावर टाकू नये

स्पोरचा नेम शंभर टक्के आहे, पण ती सगळ्यांवर चालत नाही. खेळी वाया जाण्याची ही ठिकाणं पाठ करा.

- कुठलाही ग्रास पोकेमॉन. सहाव्या पिढीपासून त्यांच्यावर पावडर आणि बीजाणू चालत नाहीत.
- सेफ्टी गॉगल्स घातलेला, किंवा ओव्हरकोट ॲबिलिटीचा.
- गोल्डेंगो, आणि प्युरिफाइंग सॉल्ट ॲबिलिटीचा गार्गानॅकल. दोघांच्या या ॲबिलिटीच तशा आहेत.
- सॅप सिपर (ग्रास मूव्ह अंगाला लागू न देणारी ॲबिलिटी) असलेला. गूड्रा आणि अझुमॅरिल समोर आले की ही शंका मनात ठेवा.
- इलेक्ट्रिक किंवा मिस्टी टेरेनवर, पाय जमिनीला लागलेला कुणीही.
- सब्स्टिट्यूटच्या आड असलेला. आधी बुलेट सीडने सब्स्टिट्यूट फोडा. एका दाण्याने फुटला तर उरलेले दाणे थेट अंगावर बसतात.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे समोरच्याने ऐन वेळी टेरा ग्रास करणं. तुम्ही स्पोर निवडली, त्याने टेरा ग्रास केलं, खेळी गेली. समोरचा हुशार वाटला तर पहिल्या खेळीत रॉक टूम टाकून त्याचा स्पीड उतरवा आणि काय करतो ते बघा.

हे उलटंही लागू आहे. तुमच्या ब्रेलूमने टेरा करून ग्रास सोडला की समोरचा त्यालाही स्पोरने झोपवू शकतो.

झोपलेला पोकेमॉन एक ते तीन खेळ्या निपचित असतो. तीन मिळतीलच असं धरू नका. एकच मिळणार असं समजून त्या खेळीत सगळ्यात उपयोगाचं काम करा. बहुतेक वेळा ते बुलेट सीड असतं, स्वोर्ड्स डान्स नव्हे.

## ब्रेलूम आधीच होऊन बसला असेल तर

त्याला सोडून देऊ नका. त्याचं अंडं काढा.

मादी ब्रेलूम असेल तर ग्रास किंवा फेअरी अंडगटातला नर सोबत घ्या, नाहीतर जवळजवळ कुणाशीही जोडी जमणारा डिट्टो घ्या. दोघांना संघात ठेवून पिकनिक मांडा. दोघांपैकी एकाच्या हातात डेस्टिनी नॉट दिला तर आई-बापांचे मिळून पाच आयव्ही (स्टॅटचे जन्मजात गुण) पिल्लात उतरतात. दुसऱ्याच्या हातातला एव्हरस्टोन त्याचा स्वभाव पुढे देतो. पण तो मूळ स्वभाव असतो, मिंटने बदललेला नव्हे.

अंड्यातून श्रूमिश निघेल. तो सरळ टप्पा ३ वर घेऊन जा, आणि एव्हरस्टोन आधी हातात द्या.

हा दुसरा ब्रेलूम स्पोरसकट तयार झाला आणि तसाच आणखी एक विरुद्ध लिंगाचा मिळाला, तर पुढचं काम फार सोपं होतं. दोन्ही पालकांना स्पोर येत असेल तर अंड्यातून निघणारा श्रूमिश पहिल्या लेव्हललाच स्पोर घेऊन येतो. मग तो २३ ला खुशाल इव्हॉल्व्ह होऊ द्या. फक्त मधल्या लेव्हलला नवी मूव्ह शिकवताना स्पोर पुसली जाणार नाही एवढं बघा. भाच्याने शेवटी हेच केलं. आता तो वर्गातल्या मित्रांना स्पोर येणारे श्रूमिश देतो आणि बदल्यात टीएमचं साहित्य मागतो.